तेल मरू द्यावं लागतं

सगळ्यात आधी तिचं सांगतो. वर्ध्याची घरं संपून सेलूच्या रस्त्याला शेतं लागतात, तिथे राहणारी एक दूधवाली म्हातारी. तिनं मला घरात घेतलं, जेवू घातलं, म्हणून मी या गावात टिकलो. नाव लिहीत नाही. नाव छापलेलं तिला चालणार नाही, आणि ती वाचायलाही जाणार नाही. मी तिला मावशी म्हणतो. तिचं ऋण आधी मांडून ठेवतो आणि मग काय झालं ते सांगतो. त्यात घाण फार आहे. जेवताना वाचायचं हे नव्हे.

मी समुद्राकाठचा, रत्नागिरीच्याही खालचा. नववीत शाळा सुटली. सोडली म्हणण्याइतका विचार मी केलाच नव्हता. आमच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात मशीन बसवायला फिटर आले होते, त्यांच्या मागे मागे निघालो. पाने आण, नट आवळ, पाइप धर, असं करत काही वर्षं गावं हिंडलो. वर्ध्याला एक कारखाना उभा केला, तेव्हा मालकाला मशीन चालवणारा माणूस हवा होता. फिटर म्हणाले, राहतोस का? मी राहिलो. घरी परत जाण्यासारखं काही नव्हतं. थोरल्या भावाची एक खोली, तिच्यात माझी खाट होती ती जागा आता त्याच्या मुलाच्या पाळण्याला गेली होती. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मी एकवीस-बावीसचा.

लोकांना वाटतं बर्फाचा कारखाना म्हणजे थंडगार, स्वच्छ, पांढरं काहीतरी. तसं काही नसतं. बर्फ तेवढा पांढरा असतो, बाकी सगळं काळं.

मशीन अमोनियाचा वायू दाबतं. आम्ही त्याला नुसतं गॅस म्हणतो. दाबलेला गॅस थंड होऊन पातळ होतो, मिठाच्या पाण्याच्या टाक्यात बुडालेल्या पाइपांतून उकळत फिरतो आणि पाण्याची सगळी ऊब ओढून घेतो. त्या खाऱ्या पाण्यात पत्र्याचे उंच डबे सोडलेले असतात, डब्यांत गोडं पाणी, त्याची लादी होते. इथपर्यंत शाळेतल्या पुस्तकातही असेल. पुस्तकात नसतं ते तेलाचं. दाबणाऱ्या मशीनला तेल लागतं, नाहीतर ते घासून मरेल. तेल मशीनमध्येच राहावं असं आपल्याला वाटतं, पण ते राहत नाही. गॅसचं बोट धरून जातं. वाटेत एक उभं पिंप असतं, त्यात गॅसची गती मोडते आणि बरंचसं तेल तळाला पडतं. बरंचसं, सगळं नव्हे. उरलेलं जाऊन टाक्यातल्या पाइपांच्या पोटात बसतं. तेल गॅसपेक्षा जड, त्यामुळे तळ धरतं. मग पाइप आतून लिंपल्यासारखे होतात, गारवा बाहेर येत नाही, लादी मधोमध पोकळ निघते, आणि मालक म्हणतो, मशीन चालवता येत नाही काय रे तुले?

म्हणून तेल काढावं लागतं. तेच माझं काम, आणि त्याच कामाची मला किळस आहे. अजून आहे.

पाइपांच्या सगळ्यात खाली एक लोखंडी भांडं जोडलेलं असतं. त्यात तेल उतरवायचं, वरचा वॉल, म्हणजे पाइपाची चावी, बंद करायचा आणि थांबायचं. भांड्यावर जाड बर्फ साचलेला असतो. आत पातळ गॅस आहे तोवर तो बर्फ राहतो. आतला गॅस उडून गेला की भांडं कोमट होतं, बर्फ वितळून ठिबकतो, आणि मग खालचा वॉल हलक्या हातानं सोडायचा. थांबलात तर तेल येतं. नाही थांबलात तर काय येतं ते सांगायला मला आवडत नाही, पण सांगतो. आधी फुसकारा. मग फेस, पिवळट-काळा, दुखणाईत जनावराच्या तोंडाला येतो तसा. तो बादलीत फुगत राहतो, खदखदतो, आणि खदखदत असूनही गार असतो, हाताला लागला की भाजतो. मग त्यातून काळा लगदा सरकत येतो, लोखंडाच्या किसानं चरचरीत. आणि वास. अमोनियाचा वास ज्याला ठाऊक नाही त्यानं आठवावं, उन्हाळ्यात बस स्टँडमागची भिंत. तो वास आणि जळक्या तेलाचा वास. दोन्ही मिळून नाकात जात नाहीत, नाकात चढतात, आणि तिथून डोळ्यांत, टाळूत. पहिल्यांदा मी तिथेच ओकलो. ओकताना श्वास घ्यावा लागतो, श्वास घेतला की परत तोच वास.

मालकाला थांबणं मान्य नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता, घाईतला होता. लग्नसराईत त्याच्याकडे गाड्यांची रांग लागायची. समुद्रपूरला जाणाऱ्या एसटीच्या टपावर भुसा लावून, गोणपाटात बांधून लाद्या जायच्या, आणि खिडकीत बसलेल्या माणसांच्या डोक्यावर वाटभर थेंब पडायचे. जिथे माणूस गेलं आणि लेक येईपर्यंत प्रेत ठेवायचं होतं तिथेही बर्फ जायचा. ते गोणपाट परत यायचं, दोरीवर वाळायचं आणि दुसऱ्या दिवशी सरबताच्या बर्फाला गुंडाळून लग्नघरी जायचं. मी ते पाहिलं आहे. तेव्हापासून मी लग्नात सरबत घेत नाही. लोकांना वाटतं मला सर्दी आहे.

"भांडं गरम व्हाची वाट पाहून राह्यला काय? सोड ना बे वॉल," मालक दारातून म्हणायचा. नाकावर रुमाल, आत पाऊल नाही.

"शेठ, आत गॅस आहे अजून."

"गॅस हाय तर जाईन हवेत. बाहेर गाड्या उभ्या हायेत माह्या."

मी वॉल सोडायचो.

निघालेलं तेल लगेच कुणाला द्यायचं नसतं. त्याच्या पोटात गॅस दडलेला असतो, गार घट्ट तेलात गुदमरून बसलेला. ते उघड्या अर्ध्या पिंपात ओतून ठेवायचं. ते आपलं आपलं बुडबुडत राहतं. बुडबुडे थांबले, वास उतरला, की फिटर लोक म्हणायचे, तेल मेलं. मेलेलं तेल वरून नितळ असतं, ते कपड्यानं गाळून मालक परत मशीनला घालायला लावायचा. खाली उरायचा तो काळा गाळ. तो न्यायला माणसं यायची, कुणी बैलबंडीच्या आखाला, कुणी म्हशींच्या अंगाला.

आता वासाचं. तो माझ्या अंगात गेला. अंगात म्हणजे कातडीच्या आत. साबणानं, राखेनं, मातीनं घासलं तरी नखांच्या कडांत काळं आणि केसांत तो वास. मासळीच्या वासात मी वाढलो, मला वासाची भीती नव्हती. पण मासळीचा वास येणाऱ्या माणसाकडे लोक पाहतात तेव्हा म्हणतात, हा मासेवाला. माझ्याकडे पाहून म्हणायचे, ह्यानं चड्डीत केली काय?

स्टेशनाकडच्या एका खानावळीत मी जेवायचो. आधी माझ्या शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला. मग माझ्या बाकावर कुणी बसेना. खानावळवाला भला माणूस, तो माझ्याजवळ आला आणि वरणाची वाटी ठेवता ठेवता हळूच म्हणाला, "भाऊ, राग नोको मानू. तुम्ही बाहेर ओट्यावर बसत जा ना जी. हवा पण लागते."

मी ओट्यावर बसायला लागलो. मग एक दिवस ओट्यावरही कुणी नाक मुरडलं असेल. तो म्हणाला, "भाऊ, डबा नेत जा. इथं बसाची काय गरज हाय?" डबाही पुढे बंद झाला, कारण डबा धुणाऱ्या बाईनं सांगितलं, मी ह्या डब्याले हात लावत नाई. त्याच आठवड्यात खोलीवाल्यानं खोली परत मागितली. त्याच्या सुनेला दिवस गेले होते, तिला वास सहन होईना. त्यात तिचं काय चुकलं? मला स्वतःलाच सहन होत नव्हता. मी उशी उलटी करून झोपायचो, उशीच्या दोन्ही बाजूंना तो होता.

मी कारखान्यात, भुशाच्या पोत्यांवर निजायला लागलो आणि भजी खाऊन राहायला लागलो. आणि सारखी एकच काळजी. असं किती दिवस? गावात खायला-राहायला जागा नसेल तर काम कसं टिकणार? आणि काम सोडून मी जाणार कुठे, त्या पाळण्याखाली? मी दर थोड्या वेळानं बाही नाकाशी नेऊन पाहायचो. ती सवय अजून आहे, सभ्य ठिकाणी बसलो तरी हात नाकाकडे जातो.

मावशी कारखान्यात यायची ती फुटक्या बर्फासाठी. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून दूधवाले बर्फाचे तुकडे घेऊन जात. नऊवारी काष्टा, पायात टायरच्या चपला, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर डबा. तिच्या म्हशींना खरूज झाली होती, म्हणून ती काळं तेलही मागायची. एका दुपारी मी मशीनमागे बसून भजी खात होतो, खात म्हणजे गिळत, आणि ती तेलासाठी आत आली.

"काऊन रे पोट्ट्या, ह्या घाणीत बसून खाते? घर नाई काय तुले?"

"नाही."

"मंग खानावळ?"

"त्यांनी नको म्हटलं. माझा वास येतो."

ती जवळ आली आणि माझ्या खांद्याशी नाक आणून वास घेतला. माणसं माझ्यापासून लांब जायची, ही वाकून हुंगत होती, बाजारात खरबूज हुंगतात तशी.

"हाव, येते," ती म्हणाली. "म्हशीच्या मुतासारखा येते. मले त काई नवा नाई बावा. माह्या घरी हाच वास हाय, फक्त म्हशीचा हाय."

"मावशी, चेष्टा करू नका."

"चेष्टा कायले करू? गोठ्यापाशी एक खोली हाय, कडबा ठेवतो तिथी. सांजीले येजो. माह्या म्हशीईनं नाक मुरडलं त मात्र माह्यापाशी इलाज नाई."

मी गेलो. नको म्हणण्याची ऐपत नव्हती.

खोटं का सांगू, तिथेही मला किळसच आली. कडब्याच्या खोलीत उंदीर. भिंतीपलीकडे म्हशी आपली शेणानं भरलेली शेपटी भिंतीवर आपटायच्या, थप-थप. जेवायला बसलं की ताटाभोवती माशांचं घोंगावणं, आणि मावशी ज्या हातानं शेण काढायची त्याच हातानं, धुऊन खरं, पण त्याच हातानं भाकरी थापायची. सायीचा, आंबट ताकाचा, ओल्या कडब्याचा वास. पहिला घास तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना. ती समोर बसून पाहत होती.

"मासे पाह्यजे काय तुले?"

"नाही."

"मंग जेव. तुह्या गावी समुद्र हाय म्हनते. पानी खारं. मंग म्हशी काय पेतेत?"

"विहिरीचं पितात, मावशी."

"एवढं पानी अन् म्हशीच्या कामाचं नाई," ती म्हणाली. त्या पाण्याची तिला मनापासून शिसारी आली होती, आणि ते पाहून मला हसू आलं, आणि हसण्यात घास उतरला. चून, म्हणजे इकडचं पिठलं, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. पुष्कळ दिवसांनी पोट भरलं.

माझे हात ती शिळ्या आंबट ताकानं धुवायला लावायची. तिच्या घरी सगळंच ताकानं धुतलं जायचं. वास थोडा मोडायचाही. म्हणजे मूत आणि तेल यांच्या जोडीला आता मला आंबट ताकाचा वास यायला लागला.

तिचा मुलगा मात्र माझ्यावर खूश नव्हता, आणि त्याची बाजू खोटी नव्हती. तो सायकलला डबे लावून वर्ध्यात रतीब घालायचा, वकिलांकडे, मास्तरांकडे, हापिसातल्या लोकांकडे. दुधाला कुठलाही वास लगेच लागतो. कांदा चिरून दुधाशेजारी ठेवला तर दूध कांद्याचं होतं.

"माय, ह्या मान्साचा वास दुधाले लागला त गिऱ्हाइक तुटन आपलं," तो माझ्यादेखत म्हणायचा.

"तो दुधाच्या खोलीत जाते काय? नाई जात. मंग?"

"एखाद दिवशी लागन पाह्यजो. मंग त्याले अथी ठेवजो अन् मले काढजो."

मी दुधाच्या खोलीवरून जाताना श्वास धरायचो, जसा काही वास माझ्या श्वासातून जाणार होता. त्या घरात एक शिस्त होती: उघडं भांडं दिसायला नको. दूध, ताक, पाणी, अगदी रिकामा डबासुद्धा. आधी ओलं फडकं, त्यावर झाकण, झाकण मुठीनं ठोकून घट्ट. माशी नको, मांजर नको, वास नको. उघडं भांडं दिसलं की मावशी सुनेला म्हणायची, दूधवाल्याचं घर हाय का धरमशाळा? मी पाण्याचा पेला पिऊन ठेवला तरी मागून येऊन कुणीतरी त्यावर बशी टाकायचं.

पुढची गोष्ट त्याच शिस्तीतून झाली.

वैशाखातली सकाळ होती. लाद्या पोकळ निघत होत्या, मालक दारात उभा. भांड्यावर बर्फाचा जाड थर तसाच होता आणि मला वॉल सोडावा लागला. फेस, फुसकारा, लगदा. मी ते अर्ध्या पिंपात ओतलं. ते इतकं गार होतं की पिंपाला बाहेरून दंव आलं. मला परत ओकारी आली म्हणून मी बाहेर नळावर गेलो, आणि तिथून टाक्याकडे, डबे उपसायला. तेवढ्यात मावशी तेल न्यायला आली. मालकानं सांगितलं, "ने ना बाई, सगळं ने. तेवढीच घाण कमी होते अथली." त्याला मेलेलं तेल आणि जिवंत तेल यांतला फरक माहीत नव्हता, आणि ती बिचारी आजवर मेलेलंच नेत आली होती. तिनं ते घट्ट गार तेल तुटक्या कडीच्या एका जुन्या दुधाच्या डब्यात भरलं. वास नेहमीपेक्षा जबर होता. म्हणून तिनं काय केलं, तर तिच्या घरात करतात ते. ओलं फडकं, त्यावर झाकण, झाकण मुठीनं ठोकून घट्ट. वर दोरी. दुधाला वास लागू नये म्हणून.

मला दुपारी कळलं. मी मालकाला विचारलं, तेल कुठे? तो म्हणाला, गेलं. मी विचारलं, कशात? तो म्हणाला, "डब्यात. झाकून नेलं बाईनं, मोठी साफ बाई हाय."

मी निघालो तो धावतच. मालक मागून ओरडत होता, मशीन कोण पाहीन? चालू मशीन सोडून जाणं हा आमच्या कामातला सगळ्यात मोठा गुन्हा. पण मला तो डबा दिसत होता. गार तेल उन्हात तापणार. तापलं की आत गुदमरलेला गॅस उठणार. उठला की जागा मागणार.

मी फाटकात पोचलो तेव्हा ती अंगणात होती. डबा गोठ्याच्या भिंतीला उन्हात ठेवलेला, तेल पातळ व्हावं म्हणून, आणि पत्रा फुगून गोल झालेला. ती त्याच्यावर वाकून दोरीची गाठ सोडत होती. मी हाक मारली. हाक ऐकून तिनं मान वळवली, आणि त्याच वेळी झाकण उडालं.

स्फोट वगैरे नव्हे. मोठ्या जनावरानं शिंकावं तसा आवाज. पण सगळा लगदा फेसासकट उसळला आणि तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर, भिंतीवर, म्हशींच्या पाठीवर आणि सांजच्या रतिबासाठी काढलेल्या, नुकतंच फडकं बाजूला केलेल्या दुधात पडला.  मावशी खाली बसली आणि डोळ्यांवर तळवे दाबले.

फिटरांनी मला एक गोष्ट शिकवली होती, गॅस डोळ्यांत गेला तर पाणी, आणि पाणी, आणि परत पाणी, दुसरा विचार करायचा नाही. घागर घरात होती. जवळ होतं ते म्हशींचं टाकं. त्या टाक्याचं पाणी मी कधी बोटानं शिवलो नव्हतो. हिरवं, तळाला शेवाळ, वर कडब्याची कूस, म्हशींच्या लाळेच्या तारा, मेलेल्या माशा. मी तिला उचलून ओढत नेलं, तिचे हात डोळ्यांवरून ओढून काढले आणि तिचं डोकं त्या पाण्यात दाबलं. वर काढलं, बोटांनी पापण्या उघडल्या, परत दाबलं. ती धडपडत होती, तिच्या नाकातोंडात ते पाणी जात होतं, माझ्या कोपरापर्यंत शेवाळ चिकटलेलं. म्हशी पलीकडून पाहत होत्या. मी तिथेच बाजूला ओकलो आणि परत तिला दाबलं.

मुलगा धावत आला. त्याला दिसलं ते एवढंच, की मी त्याच्या आईला म्हशींच्या टाक्यात बुडवतो आहे. त्यानं मला मानेला धरून मारलं. मी सोडलं नाही. मी म्हणत होतो, पाणी आण, विहिरीचं आण, ओत तिच्या डोळ्यांवर. त्याच्या बायकोनं आधी ऐकलं. तिनं घागरी आणल्या आणि आम्ही ओतत राहिलो, ओतत राहिलो, मग तोही ओतायला लागला, ओतता ओतता मला शिव्या देत.

टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं डोळे पाहिले आणि म्हणाला, लगेच धुतलं म्हणून बरं, नाहीतर दोन्ही गेले असते. एक वाचेल, दुसऱ्याचं सांगता येत नाही. मग विचारलं, कुठल्या पाण्यानं धुतलं?

मी म्हणालो, "स्वच्छ पाण्यानं."

पट्टीआडून मावशी म्हणाली, "म्हशीच्या टाक्यातल्या पान्यानं, डॉक्टरसाहेब. माह्या तोंडात अजून कडब्याची कूस हाय."

घरी परतल्यावर अंगण पाहवत नव्हतं. भिंतीवर काळे ओघळ, म्हशींच्या पाठी काळ्या चिकट, त्यावर माशा. दुधावर इंद्रधनुष्यासारखा तेलाचा तवंग पसरला होता आणि त्याखाली दूध फुटून गाठी झाल्या होत्या. गल्लीतला कुत्रा त्यात तोंड घालून मागे सरला आणि शिंकत पळाला. ते सगळं मी एकट्यानं धुतलं, शेणमातीत हात घालून, कारण दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

मुलगा ओट्यावर बसून होता. "तुह्या कारखान्याचं तेल," तो म्हणाला. "आता तुह्यी पेटी उचल."

मी पेटी उचलली. खरंच उचलली.  मावशी खाटेवर होती, डोळ्यांना पट्ट्या. तिला पेटीची कडी वाजलेली ऐकू आली.

"कोन चाललं?"

"मी, मावशी."

"कुठी?"

"बघतो."

"माह्ये डोये बांधेल हायेत अन् हा म्हनते बघतो," ती म्हणाली. मग मुलाला, "पेटी ठेव त्याची आत. त्यानं मले त्या घाणीत बुडवलं नसतं त मी आंधळी झाली असती. त्याले ओकारी येऊन राह्यली होती, मले ऐकू येत होतं, तरी त्यानं सोडलं नाई. तू माह्या पोटचा, तू आधी काय केलं? त्याची मान धरली."

 मुलगा उठला आणि पेटी आत नेऊन ठेवली, जोरात.

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेलो तेव्हा काम गेलं असं धरूनच गेलो होतो. मालकानं पुष्कळ ऐकवलं, पण काढलं नाही. मशीन चालवायला दुसरा कोण येणार होता त्या वासात? मी त्याला तेवढंच सांगितलं, आता भांडं ठिबकल्याशिवाय मी वॉल सोडणार नाही. तो नाकावरचा रुमाल न काढताच म्हणाला, "कर बे तुह्या मनाचं." आणि तेव्हापासून मी कुणालाही तेल झाकणाच्या भांड्यात देत नाही. घमेलं आणा, उघडं आणा, आणि तेल मेलंय की नाही ते मी सांगीन. लोक हसतात. हसोत.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. ऐंशीचं दशक सरत आलं. कारखान्यात मशीन बदललं, तेल अडवणारं पिंप मोठं आलं, तरी तेल सुटतंच आणि ते काढणारा मीच आहे. किळस गेली नाही. लोक म्हणतात सवय होते. मला झाली नाही. अजून वॉल सोडताना पोटातून पाणी येतं तोंडाला. मावशीचा उजवा डोळा दुधासारखा पांढरा झाला, त्यानं तिला फक्त उजेड कळतो. डावा ठीक आहे. ती अजून म्हशींच्या मागे असते, मी अजून कडब्याच्या खोलीत आहे, आता त्या खोलीला दार बसवलं आहे. मुलगा माझ्याशी बोलतो, कामापुरतं. कधीकधी न बोलता माझ्या ताटात दही वाढून जातो.

आणि मावशीच्या ताटाशी माशा अजून असतात, आणि पहिल्या घासाला मी अजून थांबतो. तिला ते माहीत आहे. ती समोर बसते आणि विचारते, काऊन, समुद्राच्या म्हशी आठवल्या काय?

त्याच समुद्रावर तिला एकदा न्यायचं माझ्या मनात आहे. भावाच्या खोलीत नव्हे. तिथे माझी स्वतःची एक खोली बांधायची आहे, बंदराजवळ, जिथे अंगणात सुकट वाळत असते आणि गटारातून कोळंबीच्या सालीचा वास येतो. मावशीनं आयुष्यात मासळीला हात लावलेला नाही. तिला तो वास सहन होणार नाही, मला ठाऊक आहे. ती पदर नाकाला लावील, घास तोंडात फिरवत राहील. मी समोर बसेन, तिच्यासाठी वेगळ्या चुलीवर केलेलं चून आणि भाकरी वाढेन, आणि तो घास उतरेपर्यंत उठणार नाही. मावशी, हे मी करणार आहे. तुझा एक डोळा चालतो आहे तोवर.